घरात कांजिण्या, हातात शेकर

"काका, पुतणीला कांजिण्या आल्यात. माझी सायकल सुरू आहे. मध्येच तोडली तर सगळं वाया जाईल का हो?"

संध्याकाळचे साडेसात वाजलेले, दुकानात गर्दी. हा पोरगा जिमची बॅग खांद्याला लावून काउंटरला टेकलेला. माझ्या मेडिकलच्या वरच्याच मजल्यावर जिम आहे, त्यामुळे 'सायकल' म्हणजे दुचाकी नव्हे हे मला कळून बरीच वर्षं झाली. तरी विचारलं, "सायकल म्हणजे नेमकं काय काय घेतोस, ते दाखव आधी."

त्यानं एकेक वस्तू काढून काचेवर मांडली. तळाशी दोन चमचे व्हे प्रोटीन भरलेला शेकर. क्रिएटिनची पांढरी बरणी. प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचा, लालभडक डबा. आणि सगळ्यात शेवटी, बाजूच्या कप्प्यातून, आपण चेन ठेवायला वापरतो तसली चिमुकली प्लास्टिकची पिशवी. आत पंधरा-वीस बारीक गोळ्या. पट्टी नाही, नाव नाही, कंपनी नाही.

"ह्या वजन वाढवायच्या. एका दादानं दिल्यात. दोन महिने झाले. वैशाखात लग्न आहे ना." मग स्वतःच गालावर हात फिरवून म्हणाला, "बघा ना, किती फरक पडलाय."

गाल खरंच भरले होते. मला तेच खटकलं. पण त्याच्याकडं नंतर येऊ, कारण त्याचा मूळ प्रश्नही चुकीचा नव्हता. घरात, होस्टेलवर, ऑफिसात कुणी आजारी पडलं की वरच्या जिममधली दोन-तीन पोरं हाच प्रश्न घेऊन जिना उतरतात. चालू ठेवू का बंद करू? याला एका शब्दाचं उत्तर नाही. 'सायकल' हा एकच शब्द त्या काचेवरच्या चार वस्तूंना लागू होतो आणि त्या चौघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

शब्दाचं मूळ ॲनाबोलिक स्टेरॉइडमध्ये आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन किंवा त्याचा भाऊबंद घेतला की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. म्हणून घेणारे काही आठवडे घेतात, मग काही आठवडे सोडतात. हे चक्र म्हणजे सायकल. पुढं डबे विकणाऱ्यांनी हाच शब्द क्रिएटिनला लावला, प्री-वर्कआउटला लावला, आणि त्याबरोबर 'मध्येच तोडली तर वाया' ही भीतीही फुकट दिली. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं तालमीत पैलवान दूध, तूप, बदामाची थंडाई घेतो, त्याला खुराक म्हणतात. ताप आला म्हणून चार दिवस थंडाई चुकली तर खुराकाची सायकल तुटली असं कुणी म्हणत नाही. व्हे आणि क्रिएटिन हा खुराकच आहे. डबा परदेशी दिसतो, इतकंच.

आधी कॅलेंडर

संपर्क आला म्हणजे आजार झाला असं नाही. जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत मध्ये काही दिवस जातात आणि ते प्रत्येक आजाराचे वेगळे. फ्लूला १ ते ४ दिवस पुरतात. कांजिण्यांना १० ते २१, बहुतेकांना दोन आठवड्यांच्या आसपास. दूषित पाण्यातून येणारी 'अ' प्रकारची कावीळ तर १५ ते ५० दिवस दबा धरून बसते. डेंग्यूचा रुग्ण शेजारच्या खाटेवर असला तरी त्याच्याकडून तुम्हाला थेट काही येत नाही, मध्ये डास लागतो. म्हणजे 'घरात आजारी माणूस आहे' एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. कोणता आजार, आणि आज कितवा दिवस, हे आधी हवं.

पुतणीच्या अंगावर फोड दिसले होते परवा. कांजिण्या फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, तेही हवेतून. म्हणजे याचा संपर्क मोजायचा तो चार दिवसांपूर्वीपासून. मी विचारलं, "तुला लहानपणी आल्या होत्या का?" त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, लाव आईला फोन. स्पीकरवर उत्तर आलं, "तुला कुठं? त्या वर्षी तू मामाकडं होतास. दादाला आल्या होत्या."

ज्याला एकदा येऊन गेल्यात त्याला बहुधा पुन्हा येत नाहीत, त्यानं निवांत राहावं. ज्याला आल्या नाहीत त्याच्यासाठी एक लस आहे, आणि ती संपर्कानंतरही उपयोगी पडते. तीन दिवसांत दिली तर उत्तम, पाच दिवसांपर्यंत चालते. सरकारी लसीकरणाच्या यादीत ती नाही, म्हणून आज पंचविशीत असलेल्या बऱ्याच जणांनी ती घेतलेली नसते. मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तर पोरांसारख्या हसतखेळत जात नाहीत. फुप्फुसात उतरून न्यूमोनिया व्हायचा धोका मोठ्यांना जास्त असतो. म्हणजे ह्या पोराच्या हातात फार तर एक दिवस होता. आणि तरीही मी त्याला 'जा, लस टोचून घे' असं म्हणू शकत नव्हतो. कारण ती पिशवी.

बरणी आणि शेकर

आधी सोपं संपवतो. क्रिएटिन हे आपल्या स्नायूंत असतंच, मटण-माशांतूनही थोडं मिळतं. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं की स्नायूंतला साठा हळूहळू भरतो. काही जण घाईनं दिवसाला २० ग्रॅम, चार वेळा विभागून, असं पाच-सात दिवस घेतात, त्याला लोडिंग म्हणतात. साठा भरला की तो भरलेलाच राहतो. घेणं बंद केलं तर मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा आठ-दहा दिवस चुकले म्हणून काय बुडणार आहे? टाकीतलं पाणी एका रात्रीत आटत नाही.

मग अंगात काही लक्षण नसताना बंद करायचं का? कारण नाही. रोजचा चमचा चालू दे. फक्त आत्ता नवीन लोडिंग सुरू करू नको, एकदम जास्त घेतल्यानं पोट बिघडतं, आणि मग ते आजारानं बिघडलं की पावडरीनं, हे कळत नाही.

ताप आला की मात्र क्रिएटिन बाजूला ठेवायचं. भीती मूत्रपिंडाची नाही, गोंधळाची आहे. क्रिएटिनपासून क्रिएटिनिन बनतं, आणि मूत्रपिंड कसं चाललंय हे डॉक्टर रक्तातल्या क्रिएटिनिनवरूनच जोखतात. क्रिएटिन घेणाऱ्याचा आकडा धडधाकट असूनही थोडा वर दिसू शकतो. कांजिण्यांवरचं ॲसायक्लोव्हिर हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्याचा डोस ठरवताना तोच आकडा बघतात, आणि पाणी कमी पडलं तर ते औषध मूत्रपिंडाला त्रासही देऊ शकतं. अशा वेळी खोटा वाढलेला आकडा कुणालाच नको असतो. असंच यकृताच्या तपासणीचं. जड वजनं उचलल्यावर नुसत्या स्नायूंच्या झिजेमुळं एसजीओटी, एसजीपीटी हे यकृताचे आकडे वर जातात. आदल्या दिवशी पायांचा जड व्यायाम करून दुसऱ्या दिवशी तापात तपासणीला रक्त दिलं, तर रिपोर्ट बघून कावीळ वाटावी.

व्हे म्हणजे पनीरसाठी दूध फाडल्यावर खाली उरतं ते पिवळट पाणी, सुकवून केलेलं. दुधाचीच जात. तापात शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं, त्यामुळं प्रथिनांची गरज घटत नाही. जेवण जात नसेल तर पातळ करून घेतलेला एक चमचा चालतो. जुलाब लागले असतील तर नको. आतड्यांना सूज असताना दुधातली साखर काही दिवस पचत नाही आणि साध्या व्हे पावडरीत ती असते. तेव्हा जलसंजीवनी, पेज, मुगाची खिचडी, पोट ठिकाणावर आलं की ताक-भात, अंडं. पावडरीबद्दल माझं एक जुनं रडगाणं आहे ते इथंच गातो. केरळमधले यकृततज्ज्ञ सिरियॅक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, त्यातल्या सुमारे ७० टक्के पावडरींत प्रथिनांचं प्रमाण डब्यावर लिहिल्यासारखं नव्हतं. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय परवाना नंबर बघून घ्या म्हणून मी रोज सांगतो, आणि रोज समोरचा 'ऑनलाइन स्वस्त मिळतं काका' म्हणून निघून जातो.

आणि शेकर. पावडरीपेक्षा शेकर जास्त धोक्याचा आहे असं म्हटलं की पोरं हसतात. त्याच्या झाकणाच्या आतली रबरी रिंग कधी नखानं काढून बघा. खाली पिवळसर, बुळबुळीत थर सापडतो, वासानंच कळतं. तोच शेकर तीन मित्रांत फिरतो, त्याच तोंडानं. सर्दी, फ्लू, करोना यांना याहून सोपी वाट कुठली? घरात आजारी माणूस असताना आपला शेकर, आपला नॅपकिन आपल्यापाशीच.

लाल डबा

प्री-वर्कआउटमध्ये मुख्य माल म्हणजे कॅफीन, एका चमच्यात सहसा २०० ते ३०० मिलिग्रॅम. कपभर चहात ४०-५० धरा. म्हणजे पाच-सहा चहा एका घोटात. तापात प्रत्येक डिग्री सेल्सियसमागं हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण दहानं वाढतात. त्यावर हे कॅफीन. त्यावर सर्दीची गोळी, जिच्यात नाक मोकळं करायला रक्तवाहिन्या आकसणारं फेनिलेफ्रीन असतं, आणि काही गोळ्यांत वर पुन्हा कॅफीन! पोरं येऊन सांगतात, 'काका, छाती धडधडतेय, करोना तर नाही ना?'

लक्षण दिसलं की हा डबा बंद, यात चर्चा नाही. पण माझं मत असं की नुसत्या संपर्काच्या दिवसांतही संध्याकाळचा चमचा टाळावा, आणि त्याचं कारण झोप आहे. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला पाचेक तास लागतात. सात वाजता ३०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री बारालाही १५० अंगात आहे, म्हणजे तीन चहा पिऊन गादीवर पडण्यासारखं. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकून एक प्रयोग केला होता, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. असा फरक पाडणारी पावडर माझ्या कुठल्याच कपाटात नाही.

एक गंमत सांगून ठेवतो. रोज घेणाऱ्यानं कॅफीन एकदम तोडलं की दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, अंग जड होतं, जांभया येतात. घरात फ्लूचा पेशंट असेल तर माणसाला वाटतं, झालं, आपल्यालाही लागला. दोन दिवस सकाळी साधा चहा घेत उतरा, म्हणजे ही फसगत होत नाही. चरबी जाळायच्या कॅप्सूल असतील तर त्याही आत ठेवून द्या. त्यातला ग्रीन टीचा अर्क मोठ्या डोसमध्ये यकृताला त्रास देतो, आणि आजारपणात यकृताला आधीच गोळ्यांचं काम असतं.

पिशवी

आता त्या बेनामी गोळ्या. आत काय आहे हे मी बघून सांगू शकत नव्हतो, कुणीच सांगू शकत नाही. पण वजन वाढवायला म्हणून गुपचूप वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांत वर्षानुवर्षं एक जोडी सापडते: सायप्रोहेप्टाडिन, जे खरं ॲलर्जीचं औषध पण भूक वाढवतं, आणि डेक्सामेथासोन. हे दुसरं स्टेरॉइड आहे, पण जिममधलं नव्हे.

इथं फार घोळ होतो म्हणून सावकाश सांगतो. स्टेरॉइड हे दोन वेगळ्या घराण्यांचं आडनाव आहे. एक ॲनाबोलिक, टेस्टोस्टेरॉनच्या कुळातलं, स्नायू वाढवणारं. दुसरं कॉर्टिकोस्टेरॉइड: दम्याला, ॲलर्जीला, सांधे सुजल्यावर डॉक्टर देतात ते, सूज आणि प्रतिकारशक्ती दोन्ही दाबणारं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं की ऑक्सिजन लागणाऱ्या करोना रुग्णांचे जीव डेक्सामेथासोननं वाचतात. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या लाटेत, तेच औषध गरज नसलेल्यांनाही, जास्त दिवस दिलं गेलं, त्यात मधुमेह, आणि महाराष्ट्रानं काळ्या बुरशीचे वॉर्ड भरलेले पाहिले. औषध तेच. कुणाला, किती आणि किती दिवस, यावर सगळं अवलंबून.

हे डेक्सामेथासोन रोज घेणाऱ्याचं वजन वाढतं ते भुकेनं, पाण्यानं आणि चरबीनं. चरबी बसते चेहऱ्यावर, मानेमागं, पोटावर. आणि दंड-मांड्यांचे स्नायू? ते उलट झिजतात. पोरगा ज्याला फरक म्हणून दाखवत होता तो आरशात दिसणारा दुष्परिणाम असू शकत होता. मी त्याला विचारलं, "जिना चढताना मांड्या भरून येतात का रे अलीकडं?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "मला वाटलं स्क्वॉट्समुळं."

संपर्काच्या दृष्टीनं ह्या एका गोळीनं सगळा हिशेब फिरतो. कॉर्टिकोस्टेरॉइडवर असलेल्या माणसाला कांजिण्या झाल्या तर त्या उग्र होऊ शकतात, फुप्फुसात, यकृतात पसरू शकतात. ताप ती दाबून ठेवते, म्हणजे आजार सुरू झाल्याचा इशाराही उशिरा मिळतो. शिवाय कांजिण्यांची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, मोठ्या डोसच्या स्टेरॉइडवर असणाऱ्याला ती देत नाहीत. मोठा डोस किती, तर प्रेडनिसोलोन या त्याच घराण्यातल्या औषधाच्या हिशेबात रोज २० मिलिग्रॅम, दोन आठवडे किंवा जास्त. डेक्सामेथासोन त्याच्या सहा-सात पट कडक. मग पिशवीतल्या गोळीत ते किती आहे? कुणास ठाऊक. म्हणून हा निर्णय माझा नव्हता, डॉक्टरांचा होता.

"मग आजच फेकून देतो," तो म्हणाला. आणि मी काउंटरवरनं अक्षरशः त्याचा हात धरला. ते तर मुळीच करायचं नाही. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ हे स्टेरॉइड पोटात जात असेल तर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं सोडून देतात. आजारपणात शरीराला तेच कॉर्टिसोल दुप्पट-तिप्पट लागतं. नेमक्या त्याच वेळी गोळी एकदम तोडली तर उलट्या, अंगातलं त्राण जाणं, रक्तदाब कोसळणं, इथपर्यंत जातं. क्रिएटिन तोडलं तर काही होत नाही आणि त्याचीच सगळ्यांना काळजी. जी तोडायला डॉक्टर लागतो ती गोळी मात्र कप्प्यात चेनीसारखी पडलेली.

"पिशवी घे, उद्या सकाळी फिजिशियनकडं जा, सगळं सांग, 'दादा'चं नाव नाही सांगितलंस तरी चालेल."

जे खरोखर ॲनाबोलिक घेतात त्यांच्याबद्दल दोन शब्द. उपदेश मी करत नाही, तो वरच्या मजल्यापर्यंत पोचत नाही. तोंडावाटे घ्यायच्या बऱ्याचशा ॲनाबोलिक गोळ्या यकृताला जड असतात. त्यावर तापाची पॅरासिटामॉल चारदा, त्यावर शनिवारची दारू, आणि संपर्क जर काविळीचा असेल तर काय होईल हे सांगायला नको. टेस्टोस्टेरॉननं रक्तातल्या तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं. तापात पाणी कमी पडलं की अजून दाट, आणि गुठळीची भीती. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच बाटलीत दोघांनी सुई बुडवली तर हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही सायकलमधूनच येतात, त्याला घरात कुणी आजारी असावं लागत नाही. मेफेंटरमाइनचं इंजेक्शन तर ऑपरेशन टेबलावर भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायचं औषध. ते जिमसाठी विकताना पुण्यासकट राज्यात लोक पकडले गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. ताप आलेल्या, आधीच पळणाऱ्या हृदयावर ते मारणं म्हणजे चढावर चाललेल्या गाडीला मागनं ट्रकनं धक्का देणं.

होस्टेलवरच्या पोरांसाठी टीबीचं वेगळं सांगायला हवं. रूममेटला फुप्फुसाचा टीबी निघाला तर जवळच्या संपर्कातल्यांची तपासणी करून सरकारी कार्यक्रमातून प्रतिबंधक औषध मिळतं: आयसोनियाझिड सहा महिने रोज, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिनचे आठवड्याला एक असे १२ डोस. आयसोनियाझिड यकृतावर ताण देणारं आहे. तेव्हा 'एखादी गोळी घेत असतो' हे तिथल्या डॉक्टरांना न सांगणं महागात पडतं. काविळीसारखं काही वाटलं की दोष टीबीच्या औषधावर जातो, आणि ते औषध बंद होतं. बंद व्हायला हवं होतं दुसरंच.

आणखी एक. ताप आला की परस्पर ॲन्टिबायोटिक मागू नका, कांजिण्या-फ्लूवर ते चालतच नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटाच्या गोळ्यांनी कंडरा, म्हणजे टाचेमागची ती जाड दोरी, दुखावण्या-तुटण्याचा धोका असतो, आणि सोबत कॉर्टिकोस्टेरॉइड असेल तर तो वाढतो. डेडलिफ्ट मारणाऱ्यानं हे ऐकून ठेवावं.

काढे आणि कॅप्सूल

संपर्क आला की लोक कमी करण्याऐवजी भर घालतात. व्हिटॅमिन सी रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते, लक्षणं आल्यावर सुरू केलं तर तसा भरवशाचा फायदा दिसत नाही. झिंक दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर नको. ग्लुटामिन ह्या जिममधल्या आणखी एका पावडरीनं आजार टळतो याला पाठबळ नाही. गुळवेलीच्या बाबतीत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मांडलं होतं, आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. वाद चालू दे. यकृतावर आधीच इतर गोळ्यांचं ओझं असणाऱ्यानं त्या वादाचा निकाल स्वतःच्या पोटात लावू नये.

बंद काय करायचं, तर जिम

ह्यावर त्याचा चेहरा सगळ्यात जास्त उतरला. डबे चालू राहू शकत होते, जिम नाही. कांजिण्या न झालेला माणूस संपर्कानंतर आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत कधीही, स्वतःला कळायच्या आत, दुसऱ्याला देऊ शकतो. एसीची बंद खोली, धापा टाकणारी तीस माणसं. त्यात कुणाच्या घरी गरोदर बायको असेल, कुणाच्या घरी केमो चालू असलेले वडील. फ्लूचा संपर्क असेल तर चार दिवस तब्येतीवर लक्ष ठेवलं तरी भागतं.

"मग मसल जाईल." जात नाही. दोन आठवडे काही केलं नाही तरी ताकद बहुतांशी टिकते. सपाट दिसायला होतं, कारण स्नायूंत साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी उतरतं, चार दिवसांच्या खाण्यात आणि मेहनतीत ते परत येतं. अंगात काही नसेल तर घरी जोर-बैठका मारा, दम न तुटेल इतपत. लॉस एंजेलिसच्या १९८७ च्या मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात पळालेल्यांपैकी जवळजवळ १३ टक्के आजारी पडले, सराव असूनही न पळालेल्यांत सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. ह्याचा अर्थ काय लावायचा यावर पुढं बरीच भांडणं झाली, पण संपर्काच्या दिवसांत अंग मोडेस्तोवर मेहनत करू नये इतकं मी त्यातून घेतो.

ताप आल्यावर मात्र एक जोरही नाही. विषाणू कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतात, आणि अशा हृदयावर जोर दिला तर ठोक्यांची लय बिघडून धडधाकट तरुण जागीच कोसळतात. तापात जड व्यायाम केल्यावर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर स्नायू फुटून रक्तात उतरतायत. तडक दवाखाना, वाट बघायची नाही. तालमीत ह्याला शास्त्र लागत नव्हतं. कणकण असलेल्या पोराला वस्ताद हौद्यात उतरूच द्यायचे नाहीत, मातीवर बसून बघ म्हणायचे.

तो दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांकडं गेला. त्यांनी लस दिली नाही. पिशवी काढून घेतली, ओळखीच्या स्टेरॉइडचा ठरलेला डोस लिहून दिला, हळूहळू उतरवत न्यायचा, आणि एक पुटकुळी दिसली तरी त्याच दिवशी यायला सांगितलं. दुकानात येऊन गेल्यावर बाराव्या दिवशी पाठीवर दोन दिसल्या. चार दिवस दाखल होता, सलाइनमधून ॲसायक्लोव्हिर चालू होतं.

महिन्याभरानं आला तेव्हा कपाळावर दोन खळगे होते आणि गाल उतरले होते.

"काका, सगळं गेलं. पाच किलो."

"गालाचं गेलं. दंडाचं बघू."

"क्रिएटिन चालू करू?"

"क्रिएटिनिनचा रिपोर्ट?"

"उद्या मिळतोय."

"मग परवा ये."